रिकाम्या खुर्चीचं भाडं

जून २०२३ ते सप्टेंबर २०२४ असे सोळा महिने दर पाच तारखेला मी फोन हातात धरून बसायचे. ‘पाठवले’ एवढ्या एका शब्दाचे मेसेज यायला हवे असायचे. दोन सकाळीच येत, एक दुपारी. राहिलेल्यांना संध्याकाळी मी आठवण करायची. पैसे मागायची सवय नसलेल्या माणसाला हे काम किती जड जातं, ते मी तेव्हा शिकले. शिवाय मागायचे ते रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या माणसांकडे.

ही हकीकत पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर सहा जणांनी मिळून घेतलेल्या एका ऑफिसची आहे. स्वतंत्र काम करणाऱ्यांना परवडणारी जागा कशी मिळते, हे मला अनेक जण विचारतात. ‘चौघं-पाच जण जमवा आणि एक जागा घ्या’ असं उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण त्या उत्तरात निम्मी गोष्ट राहून जाते. म्हणून सगळे आकडे आणि चुका इथे मांडते आहे.

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, बाकी वर्ष बेताचं. कर्वेनगरात आमचा वन बीएचके आहे. घरात सासूबाई, नवरा, तेव्हा तिसरीत असलेली मुलगी. टाळेबंदीची दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर काढली, त्यानंतरचंही एक वर्ष तिथेच गेलं. घरच्यांनी त्रास दिला असता तर मी आधीच बाहेर पडले असते. झालं उलटंच. २०२२च्या दिवाळी अंकांच्या वेळी एका दुपारी पाणी प्यायला उठले, तर सासूबाई आवाज पूर्ण बंद करून मालिका बघत होत्या. नुसती हलणारी चित्रं. विचारलं तर म्हणाल्या, “तुझं काम चाललंय ना.” किती दिवस त्या असं करत होत्या, देव जाणे. त्या दिवशी ठरवलं, जागा शोधायची.

आधी अभ्यासिका पाहिली. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याला हजार-दीड हजारात टेबल मिळतं. पण फोन घ्यायचा तर जिन्यात जायचं, आणि मोठा मॉनिटर रोज नेणार-आणणार कोण? कॅफे आठवडाभर करून पाहिला, पाठ आणि पाकीट दोन्ही दुखायला लागली. मग एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे टेबल-खुर्ची महिन्याच्या बोलीवर भाड्याने देणाऱ्या सामायिक ऑफिसात गेले. जागा छान होती. ठरावीक टेबलाचे महिन्याला ६,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०. माझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या खाली असल्याने माझी जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे ते अकराशे सत्तर रुपये माझ्या खिशातून कायमचे गेले असते. नोंदणी असलेल्याला तेच पैसे क्रेडिट म्हणून परत मिळतात. खुर्ची तीच, किंमत दोन माणसांना दोन. हा मुद्दा तेव्हा माझ्या नीट लक्षात आला नाही. पुढे तो फार महाग पडला.

त्याच सुमारास माझे रिटर्न भरणाऱ्या ताई म्हणाल्या की त्यांनाही घरातून बाहेर पडायचंय. अशिलं हॉलमध्ये येऊन बसतात आणि सासऱ्यांना झोपायला जागा राहत नाही. त्यांच्या ओळखीचे दोन सॉफ्टवेअरवाले मित्र होते, दोघांची मिळून एक छोटी फर्म, बहुतेक काम अमेरिकेतलं. एक ड्राफ्ट्समन काका होते, आर्किटेक्टना नकाशे काढून देणारे. आणि लातूरहून आलेला एक व्हिडिओ संपादक मुलगा, चौघांत एक खोली करून राहणारा. सहा जण, सहा खुर्च्या.

सहा नावं

जागा बघायला दोन महिने गेले. एका बंगल्याचा तळमजला वीस हजारांत मिळत होता, पण तो निवासी होता. सहा जणांचं ऑफिस, ये-जा करणारी अशिलं, शेजाऱ्यांची तक्रार, घरगुती मीटर, हे सगळं डोळ्यांसमोर येऊन तो सोडला. शेवटी एका जुन्या व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर ५४० चौरस फूट कार्पेटची जागा पसंत पडली. भाडं २८,०००, दरवर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट दीड लाख.

एजंट म्हणाला, “करार एकाच्या नावावर करा, बाकीचे बसा की. कोण बघायला येतंय?” सगळे असंच करतात, हे खरंच आहे. पण ताईंनी तिथेच थांबवलं. लिव्ह अँड लायसन्सच्या जवळजवळ प्रत्येक करारात जागा दुसऱ्याला वापरायला देऊ नये असं कलम असतं. एकाच्या नावावर करार झाला की उरलेले पाच पोटभाडेकरू ठरतात, आणि मालकाचं बिनसलं की सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर पडावं लागतं. शिवाय ताईंना जीएसटी नोंदणीचा पत्ता तिथे आणायचा होता, काकांना उद्यम नोंदणीत, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीत, तो पत्ता हवा होता. कागदावर नाव नसेल तर पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? म्हणून ताईंची मागणी एकच होती: सहाही जण लायसन्सी, म्हणजे जागा वापरणारे, म्हणून करारात.

मालक बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, सरळ माणूस. ते म्हणाले, “सहा जणांना जागा देणं म्हणजे उद्या सहा जणांना बाहेर काढणं. माझ्यात तेवढी ताकद नाही हो.” त्यांची भीती खोटी नव्हती. राहत्या जागेचा लायसन्सी मुदत संपूनही निघाला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ऑफिसच्या लायसन्सला ही वाट नाही, तिथे कोर्टच गाठावं लागतं. जागामालक अनोळखी माणसांच्या घोळक्याला जागा द्यायला का कचरतात, याचं हे एक खरं कारण आहे, आणि आपल्यासारख्यांनी ते समजून घ्यायला हवं.

तोडगा निघाला तो असा: सहाही नावं घालायची, पण सगळ्यांची जबाबदारी एकत्र आणि स्वतंत्रही. म्हणजे एकाने भाडं दिलं नाही तर मालकाने उरलेल्यांपैकी कुणाकडूनही मागावं. पहिले सहा महिने कुणी सोडायचं नाही. आणि भाडं एकाच खात्यातून, एका तारखेला. ते खातं माझं ठरलं. मी ‘हो’ म्हणाले तेव्हा हे काम काय असतं याची मला कल्पना नव्हती.

करार ३६ महिन्यांचा केला आणि नोंदवला. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदवावा लागत नाही’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की दोन सुशिक्षित माणसांशी मला वाद घालावा लागला. महाराष्ट्रात त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. खर्चही फार नाही. तीन वर्षांचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमचं ते २,८०० रुपयांच्या आत बसलं. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. सहा जणांत वाटले तर एका सिनेमाच्या तिकिटांएवढे पैसे.

मग महिन्याचा हिशेब मांडला. भाडं २८,०००, इमारतीचा मेंटेनन्स १,८००, वीजबिल सरासरी ४,००० (कमर्शियल मीटर, उन्हाळ्यात जास्त), इंटरनेट १,२००, झाडलोट करणाऱ्या मावशी १,५००, पाण्याचे जार ६००. एकूण ३७,१००. भागिले सहा, ६,१८३.

७,६७० ऐवजी ६,१८३. आम्ही खूश होतो. बंद पडलेल्या एका कंपनीच्या टेबल-खुर्च्या स्वस्तात मिळाल्या, एक जुना एसी आणि इन्व्हर्टर घेतला. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, वीजही जाते आणि पाणीही, त्यामुळे इन्व्हर्टरवाचून चालणार नव्हतं. प्लायवुडचं पार्टिशन घालून फोनसाठी एक छोटी केबिन केली. या सगळ्याचे माणशी १४,००० आणि डिपॉझिटचे माणशी २५,०००. लातूरच्या मुलाने डिपॉझिटचे पैसे घरून मागवले होते.

पहिले पाच महिने खरोखर सुखाचे गेले. सहा कामांचे सहा हंगाम असतात, हे एकत्र बसल्यावर कळलं. ताईंचा जुलै, ३१ तारखेपर्यंत. शिवाय दर महिन्याची ११ आणि २० तारीख, जीएसटीच्या विवरणांची. वीस तारखेला दारात चपलांचा ढीग. काका सकाळी साइटवर, दुपारी दोननंतर येणार आणि पाच वाजता आल्याचा चहा सगळ्यांना करणार. सॉफ्टवेअरवाल्यांची खरी वेळ रात्री आठनंतरची, अमेरिकेतले फोन. केबिनच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर जो तो आपली वेळ पेन्सिलने लिहायचा. तो कागद दर सोमवारी बदलायचा, आणि जुन्याच्या पाठीवर मी प्रुफांच्या चुका टिपायचे. त्या वर्षी दिवाळी अंक आठ दिवस आधी छपाईला गेले.

नोव्हेंबर २०२३

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या मुलाच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. तो रातोरात लातूरला गेला. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला: आता परत यायला जमणार नाही, दुकान बघावं लागेल, डिपॉझिट मिळालं तर दवाखान्याला उपयोगी पडेल.

त्याला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण डिपॉझिट मालकाकडे होतं, तेही ३६ महिन्यांसाठी. सहा महिन्यांची अटही पुरी व्हायला महिना बाकी. आम्ही कुणी मधेच गेलं तर काय करायचं याचा एक ओळीचाही कागद आपसात केलेला नव्हता. मालकाशी करार चोख होता, एकमेकांशी काहीच नव्हतं. शेवटी पाच जणांनी पाच-पाच हजार काढून त्याला २५,००० पाठवले.

त्याची खुर्ची मात्र तिथेच होती. दर महिन्याला ३७,१०० भागिले पाच, ७,४२०.

त्या रात्री मी हिशेबाची वही पुन्हा उघडली आणि पहिल्या दिवशी जी गोष्ट दिसायला हवी होती ती तेव्हा दिसली. सहा खुर्च्या भरल्या तर ६,१८३. पाच भरल्या तर ७,४२०, म्हणजे को-वर्किंगपेक्षा जेमतेम अडीचशे रुपयांनी स्वस्त. चार भरल्या तर ९,२७५. आमची सगळी बचत सहाव्या खुर्चीवर बसलेल्या माणसात होती. तो उठला की बचत उठली.

को-वर्किंगवाला आपल्याकडून जास्त पैसे का घेतो, याचं उत्तरही इथेच आहे. कॉफी, रोपटी, रंगीत भिंती हा किरकोळ खर्च. तो आपल्याला महिन्याच्या नोटिशीवर जाऊ देतो, आणि आपण गेल्यावर उरलेल्या खुर्चीचं भाडं तो भरतो. आपण देतो ते खरं तर त्या मोकळीकीचं भाडं. २००५च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने को-वर्किंग या नावाने पहिली जागा सुरू केली, आठवड्यातून दोन दिवस. पहिला महिनाभर तिथे कुणीही आलं नाही. आणि २०१९च्या सुरुवातीला ४७ अब्ज डॉलर किंमत लावली गेलेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांनी इमारती लांब मुदतीने घेतल्या होत्या आणि खुर्च्या छोट्या मुदतीने दिल्या होत्या. आमची खुर्ची रिकामी झाली त्याच महिन्यात ही बातमी वाचली. ५४० चौरस फुटांत आमचंही तेच झालं होतं: मालकाशी ३६ महिने, एकमेकांशी शून्य.

रिकाम्या खुर्चीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. सॉफ्टवेअरवाले सगळ्यात आधी कुरबूर करायला लागले. त्यांची मिळकत आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली, म्हणून मला तेव्हा राग आला. ताईंनी शांतपणे त्यांच्या बाजूचा हिशेब मांडून दाखवला. त्यांची जीएसटी नोंदणी आहे, म्हणजे को-वर्किंगची खुर्ची त्यांना क्रेडिट धरून ६,५००लाच पडते. आमच्याकडे ६,१८३, त्यात फर्निचरचे चौदा हजार ३६ महिन्यांवर वाटले तर आणखी ३८९. बेरीज ६,५७२. म्हणजे सहा जण पूर्ण असतानाही त्यांना आमच्यात एक पैसा वाचत नव्हता, आणि पाच जण असताना ते दर महिन्याला दर खुर्चीमागे हजारावर नुकसान सोसत होते. ते थांबले होते ते रात्रीच्या फोनसाठी आणि कुलपाची किल्ली स्वतःकडे असण्यासाठी. मी त्यांची माफी मागितली. एकत्र जागा घेताना प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडायला हवा होता, आम्ही सगळ्यांचा मिळून एकच मांडला होता.

चार महिने खुर्ची रिकामी राहिली. जाहिरात दिली, लोक येऊन गेले. एकाला दिवसभर मोठ्याने फोनवर बोलायचं होतं. एकाला माल ठेवायला जागा हवी होती. एक जण सगळं पसंत करून गेला आणि करारात नाव घालायचं म्हटल्यावर परत आलाच नाही.

वाट शेवटी आतूनच निघाली. काका म्हणाले, “मी दोनशिवाय येत नाही. माझी खुर्ची सकाळी रिकामीच असते की. ती कुणाला द्या.” माझ्या मैत्रिणीची बहीण ऑनलाइन जर्मन शिकवते. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना तोटा नाही, आणि नोकरी करणारे विद्यार्थी सकाळी सातच्या तासाला बसतात. तिला सात ते एक जागा हवी होती. एका खुर्चीचे दोन अर्धे केले. पण अर्ध्या खुर्चीला निम्मे पैसे लावले नाहीत, साठ टक्के लावले: दोघांनी ३,७००-३,७०० द्यायचे. दोघांनाही ते परवडलं, आणि खुर्चीमागे बाराशेच्या वर रक्कम उरायला लागली. आमच्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली कल्पना हीच, आणि ती काकांची.

सहावी खुर्ची सॉफ्टवेअरवाल्यांनी नव्याने कामावर घेतलेल्या एका मुलीसाठी घेतली. ती आठवड्याला तीन दिवस येणार म्हणून त्यांनी निम्मे पैसे देऊ केले. ताई म्हणाल्या, “उरलेले दिवस खुर्ची घरी नेणार का तुम्ही?” त्यांनी पूर्ण दिले. अर्धी खुर्ची तेव्हाच अर्धी, जेव्हा दुसऱ्या अर्ध्यावर कुणीतरी बसतं.

कागदावर काय आलं

मार्च २०२४मध्ये दोन कागद झाले. पहिला मालकाशी: जुना करार रद्द करून उरलेल्या मुदतीचा नवा. लातूरच्या मुलाचं नाव काढलं, जर्मनच्या बाईंचं घातलं. पुन्हा तीन हजारांच्या आसपास खर्च. रद्द करायला त्या मुलाची सही आणि अंगठा लागणार होता. तो सकाळच्या गाडीने आला, नोंदणी कार्यालयात अंगठा दिला, मग ऑफिसात येऊन स्वतःच्या जुन्या खुर्चीवर पाच मिनिटं बसला. ड्रॉवरमध्ये त्याचे इअरफोन तसेच होते. येताना पाच किलो घरची तूरडाळ आणली होती, सहा पुड्या बांधून. वडील काठी घेऊन चालायला लागले होते.

दुसरा कागद आपसातला, पाचशेच्या स्टॅम्पवर, दीड पान. त्यातल्या गोष्टी थोड्या, पण प्रत्येकीमागे त्या चार महिन्यांचा अनुभव. सोडायचं तर दोन महिने आधी सांगायचं, किंवा उरलेल्यांना पसंत पडेल असा माणूस आणून द्यायचा. डिपॉझिटचा वाटा नवा माणूस आला की तो देईल, नाही आला तर तीन महिन्यांत बाकीचे देतील. आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणाने गेलेल्याला नोटिशीची अट नाही. फर्निचरची किंमत दरवर्षी एक तृतीयांश कमी धरायची. अशिलं फक्त दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर, वीस तारखेलासुद्धा.

आणि खुर्ची-निधी. प्रत्येक खुर्चीमागे महिन्याला पाचशे रुपये वेगळे. सहा महिन्यांत १८,००० जमले, म्हणजे एक खुर्ची जवळजवळ तीन महिने रिकामी राहिली तरी कुणाचा आकडा बदलणार नाही. तेवढे झाले की पाचशे बंद, आणि अर्ध्या खुर्च्यांतून उरणारे पैसे त्यात जात राहायचे. को-वर्किंगवाला जी जोखीम घेतो आणि तिचे पैसे लावतो, ती आम्ही स्वतः घेतली होती, मग तिचे पैसेही स्वतःच बाजूला काढायला हवेत. पहिल्या महिन्यापासून हे केलं असतं तर खुर्ची ६,६८३ला पडली असती, तरीही माझ्यासाठी ७,६७०पेक्षा हजाराने कमी.

सहाही नावं करारात असण्याचा फायदा कळला तो ऑक्टोबर २०२४मध्ये. १० ऑक्टोबरपासून नियम आला: नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणी असलेल्याने व्यापारी जागा भाड्याने घेतली, तर १८ टक्के कर भाडेकरूने रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः सरकारकडे भरायचा. आमच्या मालकांची नोंदणी नाही, आमच्यात नोंदणी फक्त ताईंची आणि सॉफ्टवेअरवाल्यांची. करार एकट्या सॉफ्टवेअर फर्मच्या नावावर असता, तर सगळ्या भाड्यावर त्यांनी कर भरला असता आणि आमच्याकडून वाटा घेताना त्यावर जीएसटी लावला असता. तेव्हा भाडं २९,४०० होतं, एका खुर्चीचा वाटा ४,९००. त्याचे १८ टक्के म्हणजे ८८२ रुपये दर महिन्याला माझे गेले असते, कायमचे. ताईंनी मालकांना भेटून समजावलं आणि त्या महिन्यापासून प्रत्येकाने आपला वाटा आपल्या खात्यातून थेट त्यांना द्यायला सुरुवात केली. मालकांना आधी कटकट वाटली, मग त्यांच्या नातीने फोनवर एक तक्ता करून दिला. नोंदणीवाल्यांचा कर त्यांच्यापुरता राहिला, आणि त्यांना क्रेडिटही मिळालं.

माझी पाच तारीख सुटली. वसुली करणारा माणूस बदलत राहायला हवा होता, किंवा वसुलीच नसायला हवी होती. त्या सोळा महिन्यांत काकांशी माझं बोलणं दोनदा तुटलं होतं, दोन्ही वेळा पैशांवरून. त्यांची बिलं आर्किटेक्टकडे अडकलेली असायची, त्यांना लाज वाटायची, आणि मी मेसेजवर मेसेज करायचे. आता पाच वाजताच्या चहाच्या आधी ते मला हाक मारतात.

करार येत्या मे अखेर, २०२६ला संपतो. आत्ताचं भाडं ३०,८७० आहे, मालकांनी ३६,००० मागितलंय. मेंटेनन्स, वीज, मावशींची वाढ धरून महिन्याचे ४६,२०० होतात, खुर्चीला ७,७००. त्या को-वर्किंगमध्ये आज ७,५०० आहे, करासह ८,८५०. माझ्यासाठी अजूनही इथेच बसणं बरं. सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र क्रेडिट धरून तिकडे स्वस्त पडतं, आणि त्यांची माणसं वाढताहेत. त्यांनी दोन महिन्यांची अट असताना चार महिने आधीच सांगितलं, समोर बसून, वही उघडून. आकडे आम्ही सगळ्यांनी मिळून तपासले, ते बरोबर होते.

म्हणजे मे महिन्यात एकदम तीन खुर्च्या रिकाम्या होणार. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून निधीत ३२,००० उरलेत, तीन खुर्च्यांचे साधारण सहा आठवडे. मालकांना आम्ही ३३,५०० म्हटलंय, आणि बाथरूमची गळती त्यांनी काढून द्यावी. आणि शोध सुरू केलाय. या वेळी प्रत्येकाला पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारतो: जीएसटी नोंदणी आहे का, तुमच्या कामाचा हंगाम कोणता, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी खुर्ची लागते. जर्मनच्या बाईंच्या ओळखीची एक अनुवादक सकाळच्या वेळेला तयार आहे. तिच्यासाठी दुपारचा जोडीदार शोधतोय. काकांनी आर्किटेक्टकडे सांगून ठेवलंय. ताईंची अट एकच आहे, येणाऱ्यांपैकी कुणाचीही धामधूम वीस तारखेला नको.